नाव बदललेल्या शहराचा पत्ता

ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या शहराच्या रेल्वे स्टेशनचं नाव अधिकृतपणे 'छत्रपती संभाजीनगर' झालं. १९०० साली, निजामाच्या राजवटीत सुरू झालेल्या स्टेशनची पाटी बदलली म्हटल्यावर फोटो निघाले, पेढे वाटले गेले, नाराजीही व्यक्त झाली. तिकिटावरचा कोड बदलला, त्याची चर्चा मात्र फारशी कुणी केली नाही. आधी एडब्ल्यूबी होतं, आता सीपीएसएन झालं. विमानतळाचा कोड मात्र आहे तोच राहिला: आयएक्सयू. या तीन अक्षरांत ना औरंगाबाद आहे, ना संभाजीनगर. म्हणून तिथे भांडायलाही काही नाही.

माणसाला नाव लागतं, यंत्राला कोड चालतो. पण एक जागा अशी आहे की जिथे नाव आणि कोड एकाच शब्दात कोंबलेले असतात, आणि ती म्हणजे डोमेन. यंत्राने वाचायचा तो पत्ता, पण तो गिऱ्हाइकाच्याही तोंडी बसला पाहिजे, दुकानाच्या पिशवीवर छापता आला पाहिजे. या शहरातून आज कुणी हिमरूच्या शाली, पैठणीचे ब्लाउजपीस किंवा घरचं लोणचं ऑनलाइन विकायला बसलं, तर पहिला प्रश्न हाच येतो की नाव काय घ्यायचं आणि त्यात गाव टाकायचं का. दुसरा प्रश्न, ते नाव नक्की कुणाचं असतं? या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आपल्याला वाटतो त्याहून जुना आहे.

तुमच्या घरात एखादं जुनं लेटरहेड सापडलं तर त्याच्या कोपऱ्यात बघा. फोन नंबरच्या वर किंवा खाली 'ग्राम' किंवा 'तार' असं लिहून पुढे एकच विचित्र शब्द असतो. हा तारेचा पत्ता. तारेला शब्दागणिक पैसे पडत आणि पत्त्याचे शब्दही मोजले जात. दुकानाचं पूर्ण नाव, गल्ली, पेठ असं सगळं लिहायचं म्हटलं तर निरोपापेक्षा पत्ताच महाग. म्हणून पेढ्या तार ऑफिसात एक छोटा शब्द नोंदवून ठेवत. तार पाठवणाऱ्याने तो शब्द आणि गावाचं नाव एवढंच लिहायचं. एका गावात एक शब्द एकाच पेढीला मिळे. त्यासाठी दरवर्षी फी भरावी लागे, आणि फी थांबली की शब्दावरचा हक्कही संपे.

यातला प्रत्येक नियम आज डोमेनला लागू आहे. एक शब्द, एकच धारक, ठरावीक मुदत, वार्षिक पैसे. फरक इतकाच की तारेच्या पत्त्याची हद्द गावापुरती होती, तर डोमेनची हद्द सगळं जग. नागपुरात आणि नांदेडात 'लक्ष्मी' नावाच्या दोन पेढ्या आपापल्या तारेच्या पत्त्यावर सुखाने नांदू शकत होत्या. डॉट कॉममध्ये मात्र 'लक्ष्मी' एकदाच मिळते. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर तिच्या जागी आलेल्या व्यवस्थेत शब्दांवरून कोर्टकचेऱ्या होऊन कायदाही पक्का झाला होता.

ही नवी व्यवस्था सुरू झाली ती अगदी घरगुती पद्धतीने. इंटरनेटच्या आधीचं अमेरिकन जाळं म्हणजे अर्पानेट. त्यावर किती संगणक आहेत आणि कुणाचा अंक कोणता, याची यादी एका साध्या फाइलमध्ये असे. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवा संगणक जोडायचा तर त्यांच्या कार्यालयाला कळवायचं, मग ते यादीत नाव घालत. संगणक वाढले तशी ही यादी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची उतरंड सुचवली: शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन, त्याआधी तुमचं नाव, त्याआधी हवं तर तुमच्या विभागाचं. प्रत्येक पातळीची यादी त्या त्या पातळीने सांभाळायची. आपण आजही तीच व्यवस्था वापरतो. १५ मार्च १९८५ रोजी 'सिम्बॉलिक्स डॉट कॉम' हे पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं. ती संगणक बनवणारी कंपनी पुढे बुडाली, पण नाव बुडालं नाही. २००९ मध्ये ते एका गुंतवणूकदाराने विकत घेतलं. दुकान गेलं तरी पाटीला किंमत राहिली, असा हा प्रकार.

सुरुवातीला नोंदणी फुकट होती, कारण खर्च अमेरिकन सरकारची विज्ञान संस्था करत होती. सप्टेंबर १९९५ पासून वर्षाला ५० डॉलर, आणि पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर एकदम, अशी फी सुरू झाली. त्याच्या एक महिना आधी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं होतं. आणि त्याच वर्षी राज्यात नव्याने आलेल्या युती सरकारने औरंगाबादचं संभाजीनगर करायची प्रक्रिया सुरू केली. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पण आज या शहरात डोमेन घेणाऱ्याच्या टेबलावर तिन्ही येऊन पडतात.

डॉट इनची कथा मुंबईतल्या जुहूमधून सुरू होते. तिथल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीएसटीकडे, डॉट इनची वही होती. देशातल्या शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेट प्रकल्पातही हे केंद्र होतं आणि त्याचे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांचा पुढे २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. संशोधकांनी सांभाळलेली ही वही चोख होती, पण व्यापाऱ्यासाठी सोयीची नव्हती. नियम कडक, कागदपत्रं फार. परिणाम असा की १९९२ ते २००४ या काळात डॉट इनखाली जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली. एवढ्या मोठ्या देशात सात हजार! ज्याला घाई होती तो सरळ अमेरिकेतून डॉट कॉम घ्यायचा. १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेली 'मायबोली' डॉट कॉम आहे, मुंबईची 'रेडिफ'ही डॉट कॉमच.

रेडिफवरूनच मुंबई उच्च न्यायालयात महत्त्वाचा खटला झाला. 'रेडिफ डॉट कॉम' नाव कमावत होती तेव्हा कुणीतरी 'रॅडिफ डॉट कॉम' नोंदवलं. स्पेलिंगमध्ये ई ऐवजी ए, फरक एवढाच. १९९९ मध्ये न्यायालयाने म्हटलं की डोमेन हा निव्वळ पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळायला हवं, आणि रॅडिफला मनाई केली. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने 'याहू'च्या नावापुढे 'इंडिया' जोडून काढलेलं डोमेन रोखलं होतं. मग २००४ मध्ये 'सिफी' विरुद्ध 'सिफ्फीनेट' हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथेही हेच तत्त्व कायम झालं. भारतात डोमेनसाठी वेगळा कायदा नव्हता, आजही नाही. दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवू नये, या जुन्या बाजारी तत्त्वावरच न्यायालयांनी हे सगळं उभं केलं. गुलमंडीवरच्या कुठल्याही दुकानदाराला ते समजावून सांगावं लागणार नाही.

१ जानेवारी २००५ पासून डॉट इनची वही निक्सी या संस्थेकडे आली आणि नियम सैल झाले. आधी ट्रेडमार्कवाल्यांना संधी, मग सगळ्यांना. पाच वर्षांत सात हजारांची सहा लाखांवर नावं झाली.

आता विकणारे. १९९८ मध्ये मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुरखिया या विशीही न गाठलेल्या दोन भावांनी वडिलांकडून २५ हजार रुपये उसने घेऊन 'डायरेक्टी' सुरू केली. त्यांनी उभी केलेली सगळ्यात परिणामकारक गोष्ट म्हणजे रिसेलरचं जाळं. कुठल्याही गावातल्या कुणीही आपल्या नावाने डोमेन आणि होस्टिंग विकावं, मागची यंत्रणा डायरेक्टीची. नंतर थेट गिऱ्हाइकासाठी 'बिगरॉक' आलं, आणि २०१४ मध्ये हा सगळा धंदा 'एन्ड्युरन्स' या अमेरिकन कंपनीने घेतला. मोठ्या सौद्याचं कौतुक झालं ते ठीकच आहे. मला मात्र त्याखालची पायरी जास्त महत्त्वाची वाटते, कारण महाराष्ट्रातल्या मध्यम शहरांत इंटरनेट आलं ते या रिसेलरच्या हातून.

हा माणूस प्रत्येक शहरात होता. सिडकोत किंवा उस्मानपुऱ्यात एका खोलीचं ऑफिस, दोन संगणक, दारावर 'वेबसाइट बनवून मिळेल'. तो दुकानदाराला सांगायचा, काका, तुम्ही फक्त फोटो आणि मजकूर द्या, बाकी माझ्यावर सोडा. काकांनी सोडलं. त्याने डोमेन घेतलं, होस्टिंग घेतलं, साइट चढवली. यात फसवणूक नव्हती, उलट बऱ्याचदा मनापासून केलेलं काम होतं. फक्त डोमेन नोंदवताना 'धारक' या रकान्यात त्याने स्वतःचं नाव आणि स्वतःचा ईमेल टाकला, कारण काकांचा ईमेलच नव्हता. चार-पाच वर्षांनी तो पुण्याला नोकरीला लागला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या न उघडलेल्या जुन्या इनबॉक्समध्ये जात राहिल्या. एक दिवस साइट बंद. काकांच्या पिशव्यांवर, बिलांवर, रिक्षामागच्या जाहिरातीवर तो पत्ता छापलेला, आणि वहीत मात्र त्यांचं नाव कुठेच नाही.

कायद्याने ते नाव परत मिळवता येतं. डॉट इनसाठी निक्सीची लवादाची पद्धत आहे, डॉट कॉमसाठी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. पण त्यात महिने जातात, फी भरावी लागते, आणि आपला ट्रेडमार्क किंवा जुना वापर सिद्ध करावा लागतो. छोट्या दुकानाला हे झेपत नाही. ते दुसरं, थोडं वाईट नाव घेऊन मोकळं होतं.

म्हणून डोमेन घेताना स्वस्त कुठे मिळतं हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते खातं कुणाच्या नावावर आहे. खात्याचा पासवर्ड, मोबाइल आणि ईमेल धंद्याच्या मालकाचा हवा. साइट करणाऱ्याला हवा तेवढा प्रवेश नंतर देता येतो. आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन संपलं की त्यावरचा ईमेलही बंद पडतो, मग पासवर्ड बदलायचा निरोप येणार कुठे? किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होतं. पहिल्या वर्षाचा भाव आणि दुसऱ्या वर्षापासूनचा भाव यांत बऱ्याचदा मोठा फरक असतो. जाहिरातीत पहिला दिसतो, भरावा लागतो दुसरा. 'आपोआप नूतनीकरण' चालू आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचे नियम कडक केले, तेव्हा परदेशी कंपन्यांना जाणारे असे कितीतरी हप्ते अडकले होते.

विसराळूपणा फक्त छोट्यांचा नसतो. १९९९ च्या नाताळात हॉटमेल अडखळलं. सबीर भाटियांनी सुरू केलेलं आणि मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेलं, तेव्हा जगभर वापरलं जाणारं हॉटमेल. कारण शोधता कळलं की लॉगिनसाठी लागणाऱ्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या डोमेनची फी भरायची राहिली होती. मायकल चेनी नावाच्या एका अमेरिकन प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डाने ३५ डॉलर भरले आणि हॉटमेल पुन्हा चालू लागलं. आज डॉट कॉमची मुदत संपली तर साधारणपणे थोडी सवलत मिळते, मग ३० दिवस जास्त दंड भरून सोडवता येतं, मग पाच दिवसांनी ते बाजारात मोकळं होतं. मोकळ्या झालेल्या नावांवर टपून बसलेले लोक आणि प्रोग्राम जगभर आहेत. जुन्या दुकानाचं नाव, त्यावर येणारी जुनी गिऱ्हाइकं, आणि आत जुगाराची जाहिरात, हे चित्र आता नवं राहिलेलं नाही.

होस्टिंगचा इतिहास वेगळा आहे, आणि त्यात दुःख जास्त आहे. डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे ज्या जागेत सामान ठेवलंय ती जागा. नव्वदीत ही जागा फुकट देणारी सगळ्यात गाजलेली वसाहत होती 'जिओसिटीज'. वसाहत शब्द मुद्दाम वापरला. तिथे खरोखरच मोहल्ले होते, हॉलिवूड, सिलिकॉन व्हॅली अशा नावांचे, आणि पानांना घरनंबर. सिडकोतल्या एन-टू, एन-फोरमध्ये वाढलेल्या माणसाला ते एकदम ओळखीचं वाटलं असतं. १९९९ मध्ये याहूने ती घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. जगभरातल्या हौशी लोकांची लाखो पानं गेली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून बरीचशी उतरवून घेतली, म्हणून आज त्यांचे अवशेष तरी दिसतात.

मग ऑर्कुट, सप्टेंबर २०१४ मध्ये बंद. मग २९ जून २०२० ची रात्र. सरकारने ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली आणि त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून शेताच्या बांधावर उभं राहून लाखभर लोक जोडलेल्या पोरापोरींचं सगळं एका आदेशात गेलं. बंदी बरोबर की चूक हा इथला मुद्दा नाही. मुद्दा असा, की त्यांच्याकडे स्वतःचा पत्ता असा काहीच नव्हता, जिथे ते आपल्या माणसांना सांगू शकले असते, या आता इकडे. आज आपल्या शहरातली कितीतरी घरगुती दुकानं फक्त इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअॅपवर आहेत. त्यात गैर काही नाही, गिऱ्हाईक तिथेच आहे. पण बायोमध्ये स्वतःच्या डोमेनची लिंक असणं आणि नसणं यातला फरक त्या रात्री कळला. डोमेन आपलं असेल तर सामान हलवता येतं आणि पत्ता तोच राहतो. म्हणूनच शक्य असेल तर डोमेन एकीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे घ्यावं असं जुनेजाणते सांगतात. घरमालकाशी भांडण झालं तर पत्ताही त्याच्याच खिशात असू नये.

आणि जागा जळूही शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात 'ओव्हीएच' कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून खाक झालं. सुमारे ३६ लाख संकेतस्थळं बंद पडली. तोवर 'क्लाउड' या शब्दाने लोकांच्या मनात काहीतरी हवेतलं, अविनाशी चित्र तयार केलं होतं. ते शेवटी एका इमारतीत ठेवलेलं लोखंडच निघालं. याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. एका फ्रेंच कंपनीने बॅकअपसाठी वेगळे पैसे भरले होते. तो बॅकअप त्याच ठिकाणी ठेवलेला निघाला, मूळ माहितीबरोबर तोही गेला. २०२३ मध्ये न्यायालयाने तिला भरपाई देववली, पण माहिती काही परत आली नाही. होस्टिंग विकणारा 'रोज बॅकअप' म्हणतो तेव्हा कुठे ठेवता, एवढं विचारावं, आणि महिन्यातून एकदा आपली एक प्रत स्वतःच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्यावी. सर्व्हर मुंबईत आहे की सिंगापूरला हा प्रश्न त्यामानाने छोटा. ऑर्डरी घेणाऱ्या दुकानाला जवळचा सर्व्हर जरा वेगवान वाटतो खरा, पण खरेदी थांबते ती बहुतेक वेळा दहा-दहा एमबीच्या फोटोंमुळे.

आता पुन्हा नावाकडे.

या शहराला नावाचं नवल नाही. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकीला राजधानी वसवली. १६२६ मध्ये त्याच्या मुलाने, फतेहखानाने, तिचं फतेहनगर केलं. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि औरंगाबाद झालं. १९८८ पासून शिवसेना आणि 'सामना' संभाजीनगरच म्हणत आले. १९९५ चा प्रयत्न न्यायालयात अडकला आणि पुढच्या सरकारने तो मागे घेतला. २०२२ च्या जून-जुलैमध्ये राज्याच्या दोन लागोपाठच्या मंत्रिमंडळांनी निर्णय घेतले, २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची मंजुरी आली. या गावात नाव हा नुसता पाटीचा विषय कधीच नव्हता. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. विद्यापीठाच्या डोमेनमध्ये आज चारच इंग्रजी अक्षरं आहेत, बी, ए, एम, यू. त्यातली पहिली दोन तिथे यायला सोळा वर्षं लागली, हे ती टाइप करणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल कोण जाणे.

सरकारी पत्ते बदलतात, ते सोपं असतं, कारण मागे यंत्रणा आहे. जिल्ह्याच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात आता 'छत्रपतीसंभाजीनगर' सलग येतं, रोमन लिपीत २४ अक्षरं. आधीचं औरंगाबाद दहा अक्षरांचं होतं. यंत्राला अडचण नाही, डोमेनचा एक तुकडा ६३ अक्षरांपर्यंत चालतो. अडचण बोटांना आहे. सुरुवातीला सी-एच-ए की सी-एच-एच-ए? संभाजीत एम की एन? फोनवर गिऱ्हाइकाला हे सांगून बघा. ज्यांच्या डोमेनमध्ये 'औरंगाबाद' होतं त्यांची अडचण उलटी. नाव ओळखीचं, सोपं, गुगलवर मुरलेलं, पण आता त्याला एक राजकीय चव आली, ठेवलं तरी आणि बदललं तरी. शिवाय बिहारमध्येही एक औरंगाबाद जिल्हा आहे, त्यामुळे ते नाव तसंही पूर्णपणे आपलं कधीच नव्हतं.

१९९५ मध्येच बॉम्बेचं मुंबई झालं, पण उच्च न्यायालय आजही 'बॉम्बे हायकोर्ट' आहे, त्याच्या संकेतस्थळाच्या नावातही बॉम्बे आहे, आणि आयआयटीच्या चार अक्षरांतला शेवटचा बी बॉम्बेचाच. जुनं नाव पत्त्यात टिकतं ते प्रत्येक वेळी हट्टामुळे नसतं. पत्ता बदलण्याचा खर्च सगळ्या जगाला मिळून करावा लागतो, म्हणून ते टिकतं. युगोस्लाव्हिया देश फुटला, त्याचं उरलेलं नावही २००३ मध्ये गेलं, तरी डॉट वाययू हे टोक मार्च २०१० पर्यंत चालू होतं. मग ते बंद झालं आणि ज्यांनी तोवर सर्बियाच्या किंवा माँटेनेग्रोच्या नव्या टोकाखाली घर केलं नव्हतं त्यांचे पत्ते मिटले. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला, त्याचं डॉट एसयू मात्र अजून चालतं.

देवनागरीत डोमेन घेतलं तर स्पेलिंगचा घोळ मिटेल, असं वाटतं. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' हे टोक देवनागरीत सुरू झालं, मराठी आणि कोकणीसह आठ भाषांसाठी. कल्पना सुंदर आहे. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीतच हवी यासाठी कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. पण त्याच दुकानाची इंटरनेटवरची पाटी बहुतेक वेळा रोमन. डिसेंबर २०१७ मध्ये राजस्थान सरकारने नागरिकांना देवनागरी ईमेल पत्ते देऊ केले. तरी आजही अनेक फॉर्म असा ईमेल भरला की 'चुकीचा पत्ता' म्हणून लाल रंगात ओरडतात. आतून तर सगळं रोमनच असतं. 'भारत' हा शब्द यंत्राला 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असा दिसतो. आणि स्पेलिंगचा घोळ? मराठीत 'छत्रपती' दीर्घ, हिंदीत 'छत्रपति' ऱ्हस्व. यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी डोमेनं आहेत. शुद्धलेखनाच्या तासाला ज्यांनी छड्या खाल्ल्या त्यांना हे वाचून समाधान वाटेल.

मग नवं दुकान काढणाऱ्याने करायचं काय? मला विचाराल तर गावाचं नाव मुख्य डोमेनमध्ये घालूच नये. आपल्या मालाचं किंवा आपलं नाव घ्यावं, छोटं, फोनवर एकदा सांगून कळेल असं. गाव पत्त्याच्या पानावर लिहावं, हवं ते, हव्या त्या लिपीत. परवडत असेल तर डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही घ्यावीत, आणि सोपी चुकीची स्पेलिंगसुद्धा. रॅडिफने काय केलं होतं ते आठवावं. ज्यांच्याकडे औरंगाबादवालं जुनं डोमेन आहे त्यांनी नवं जरूर घ्यावं, पण जुनं सोडू नये. जुन्या पत्त्यावर आलेल्याला गुपचूप नव्या दारात आणून सोडायची सोय प्रत्येक होस्टिंगमध्ये असते, फी लागते ती एका डोमेनच्या वार्षिक नूतनीकरणाची.

बँकांना तर हा बदल सक्तीनेच करावा लागला. नकली संकेतस्थळांवरून होणाऱ्या फसवणुकीला आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव टोकाखाली यायला सांगितलं. त्या टोकाखाली बँकेशिवाय कुणालाही नाव मिळत नाही. स्टेशनचा कोड ज्या महिन्यात बदलला त्याच महिन्याच्या अखेरची ही मुदत. त्यानंतरही बँकांच्या जुन्या पत्त्यावर गेलं की बहुतेक ठिकाणी आपण आपोआप नव्या पत्त्यावर पोचतो, म्हणजे जुन्याची फी अजून कुणीतरी भरतंय.